धान्यापासून हायड्रोजन : भिवंडीकरांनी हिशेब कसा मांडावा?

केंद्र सरकारने ४ जानेवारी २०२३ रोजी १९,७४४ कोटी रुपयांच्या राष्ट्रीय हरित हायड्रोजन अभियानास मंजुरी दिली. तेव्हापासून धान्य आंबवून हायड्रोजन काढण्याच्या धंद्याविषयी आमच्याकडेही विचारणा होत असते. साईजिंगचे जळण आणि यंत्रमागाचे वीजबिल यांनी बेजार झालेल्या भिवंडीत ही उत्सुकता साहजिक आहे. पण भांडवल गुंतवण्यापूर्वी यातले खरे किती, ते पाहिले पाहिजे.

गोबरगॅस आपल्या परिचयाचा आहे. त्याच्या टाकीत हवा नसते. काही जीवाणू पिष्ट व साखर फोडून आम्ले, कार्बन डायऑक्साईड आणि हायड्रोजन तयार करतात. दुसरे जीवाणू हा हायड्रोजन लगेच खाऊन त्याचा मिथेन बनवतात. हायड्रोजनच हवा असेल तर या दुसऱ्या जीवाणूंना आवरावे लागते. त्यासाठी विरजण आधी तापवतात. मिथेनवाले मरतात, पण क्लॉस्ट्रिडियम जातीचे जीवाणू बीजाणूंच्या रूपात तग धरतात. नंतर टाकीतला रस किंचित आंबट ठेवला की हायड्रोजन निघू लागतो. मात्र तो शुद्ध नसतो. त्यात कार्बन डायऑक्साईड मिसळलेला असतो आणि तो वेगळा करण्याचा खर्च निराळा.

आता व्यापाऱ्याचा हिशेब. एक क्विंटल ज्वारीत सुमारे ७० किलो पिष्ट असते. सर्व काही मनासारखे जमले तरी त्यातून फार तर साडेतीन किलो हायड्रोजन मिळेल. प्रत्यक्षात त्याच्या निम्मा मिळाला तरी पुष्कळ. साडेतीन किलो हायड्रोजनची उष्णता म्हणजे जेमतेम १२ लिटर डिझेल. डिझेल लिटरला ९५ रुपये धरले, तर त्याचे होतात ११४० रुपये. आणि २०२३-२४ मध्ये संकरित ज्वारीचा हमीभावच क्विंटलला ३,१८० रुपये होता! टाकी, मजुरी, वीज हे सारे यात धरलेलेच नाही. चांगले धान्य टाकीत घालणे हा सरळसरळ तोट्याचा सौदा आहे. शिवाय खाण्याचे अन्न जाळण्यासाठी आंबवावे का, हा प्रश्न उरतोच.

मग हे शास्त्र निरुपयोगी आहे काय? तसे नाही. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने केपीआयटी कंपनीसह जी पद्धत २०२२ मध्ये जाहीर केली, तिचा कच्चा माल दाणा नसून भात, गहू, मका यांचा पेंढा-काड आहे. जीवाणूंचा खास समूह वापरून पहिल्या टप्प्यात हायड्रोजन व दुसऱ्यात मिथेन काढला जातो. दुसरा टप्पा महत्त्वाचा आहे, कारण पहिल्या टप्प्यानंतर साखरेची बहुतेक ताकद आम्लांतच अडकून राहते.

भिवंडीचा कच्चा माल तर आपल्याच दारात आहे. ताण्याला लावायच्या खळीत मक्याचे किंवा तसलेच पिष्ट असते. उरलेली खळ आणि भांडी धुतलेले पाणी गटारात जाते. कापडातली खळ पुढे प्रोसेस हाउसमध्ये धुऊन निघते व सांडपाण्याचा भार वाढवते. हेच पिष्ट जीवाणूंचे खाद्य आहे, आणि ते विकत घ्यावे लागत नाही. निघणारा हायड्रोजन-मिथेनचा मिश्र वायू बॉयलरखाली जाळायचा असेल, तर गाडीच्या इंधनाइतका शुद्ध करण्याचीही गरज नसते.

अडचणी मात्र लक्षात ठेवाव्यात. खळीला बुरशी लागू नये म्हणून घातलेले जंतुनाशक टाकीतल्या जीवाणूंनाही मारते. खळीत कृत्रिम रसायन जास्त असेल तर ते सहजी आंबत नाही. हायड्रोजनला वास नाही, त्याची ज्योत दिवसा दिसत नाही आणि बंद जागेत साठला तर ठिणगीने स्फोट होतो. दाटीच्या गाळ्यात घरगुती प्रयोग कोणीही करू नये.

म्हणून आमचा सल्ला असा : कोणी योजना घेऊन आला तर एक किलो मालातून किती वायू निघतो, हे लेखी मागावे आणि चालू टाकी डोळ्यांनी पाहावी. साईजिंगवाल्यांनी आपल्या सांडपाण्यात किती पिष्ट जाते, हे आधी प्रयोगशाळेतून तपासून घ्यावे. एकट्याचे पाणी पुरणार नाही. चार-सहा जणांनी मिळून विचार केला तरच त्याला अर्थ आहे. धान्य बाजारात राहू द्यावे आणि गटारात जाणाऱ्या खळीचा हिशेब करावा.