पकड... लालबाग-परळची!

अमेरिकेत मिशिगनच्या कॉलेज फुटबॉल टीमचं स्टेडियम चक्क लाखाहून जास्त माणसांचं. आपल्याकडे? हॅलोजनचा उजेड, गल्लीतली गर्दी आणि कबड्डी! हेल्मेट नाही, पॅड नाही. समोर सात जण, चढाईला फक्त ३० सेकंद. लालबाग-परळच्या कॉलेजकुमारांचा सीझन असाच जातो: सकाळी लेक्चर, संध्याकाळी मंडळाच्या मैदानात प्रॅक्टिस.

२०१४ मध्ये वरळीत प्रो कबड्डीची पहिली मॅच झाली आणि हा खेळ टीव्हीवर ‘हिट’ झाला. पण लीगमध्ये सगळ्यांनाच जागा कुठे? बाकीच्यांची नजर रेल्वे नाहीतर पोलिसातल्या खेळाडू कोट्यावर. बॉस, तुम्ही टाय लावून इंटरव्ह्यू देता, यांचा मैदानात होतो. गुडघा शाबूत, तर नोकरीची आशा शाबूत!