सिंहलद्वीपी का राहावे?

पालीचे अध्ययन करणारे तरुण उपासक आम्हांस अधूनमधून विचारतात : श्रीलंकेत जाऊन काही वर्षे राहावे काय? प्रश्न जुनाच आहे. कारणे मात्र काळानुसार पालटत गेली.

बुद्धघोषांचे कारण ग्रंथांचे होते. चूळवंसातील हकिकतीनुसार रेवत थेरांनी त्यांना सांगितले की, जंबुद्वीपात केवळ मूळ पाली उरली आहे. अट्ठकथा सिंहली भाषेत सिंहलद्वीपी आहेत. इसवी सनाच्या पाचव्या शतकात ते अनुराधपुराच्या महाविहारात गेले. तेथील संघाने ग्रंथ लगेच हाती दिले नाहीत. दोन गाथा देऊन आधी परीक्षा घेतली, व त्या परीक्षेतून 'विसुद्धिमग्ग' सिद्ध झाला. पुढे अट्ठकथा मागधीत आणून ते बोधिवृक्षाच्या वंदनेस परतले, असे तीच हकिकत सांगते. त्यांचे राहणे कामापुरते होते. त्याच शतकात चिनी भिक्षू फाहियान तेथे दोन वर्षे राहिले, तेही विनयाच्या पोथ्यांसाठीच.

गोव्यात जन्मलेले धर्मानंद कोसंबी १९०२ साली कोलंबोच्या विद्योदय परिवेणात सुमंगल महाथेरांपाशी गेले. आचार्यमुखाने तिपिटक शिकण्याची सोय त्या काळी आपल्याकडे जवळजवळ नव्हती.

आज ग्रंथांसाठी समुद्र ओलांडण्याची गरज नाही. इगतपुरीच्या विपश्यना विशोधन विन्यासाने अट्ठकथांसह तिपिटक देवनागरीत उपलब्ध केले आहे. मग उरते काय? बाबासाहेब मे १९५० मध्ये जागतिक बौद्ध परिषदेसाठी तेथे गेले, तेव्हा धम्म लोकांच्या आचरणात कितपत जिवंत आहे, हे त्यांना पाहावयाचे होते. आमच्या मते आजही हेच सर्वांत सबळ कारण होय. पौर्णिमेस, म्हणजे 'पोया'स, तेथे सार्वजनिक सुटी असते. उपासक-उपासिका शुभ्र वस्त्रे नेसून विहारात अष्टशील पाळतात. रविवारी मुले 'दहम् पासल' या धम्मशाळेत जातात. आपल्या वस्त्यांतील विहारांना याची केवढी उणीव भासते, हे वाचकांस सांगावयास नको.

परंतु डोळे झाकून जाऊ नये. १७५३ साली सयामहून आलेल्या उपाली थेरांनी जी उपसंपदा पुनः सुरू केली, ती पुढे सयाम निकायात गोयिगम या उच्च गणलेल्या जातीपुरती राखली गेली. वगळलेल्या जातींच्या श्रामणेरांनी ब्रह्मदेशात जाऊन उपसंपदा मिळविली व १८०३ पासून अमरपुर निकाय उभा राहिला. बुद्धाच्या संघात जात! जातीच्या जाचातून धम्मात आलेल्या आम्हांस ही गोष्ट टोचल्यावाचून राहत नाही. १९८३ ते २००९ या काळातील यादवीत काही भिक्षूंनी सिंहली राष्ट्रवादाची बाजू घेतली, हेही नजरेआड करता येणार नाही.

केवळ अध्ययन करावयाचे असेल तर चीवर घेण्याचे कारण नाही. केलनिया विद्यापीठाच्या कोलंबोतील पाली व बौद्ध अध्ययनाच्या पदव्युत्तर संस्थेत गृहस्थही शिकतात. मात्र सिंहली लिपी येथूनच शिकून जावे. जुन्या ताडपत्री पोथ्या तिच्यातच आहेत. प्रव्रज्येचा विचार असल्यास, त्या विहाराच्या निकायात उपसंपदा कोणास दिली जाते, हे पत्र लिहून आधी विचारावे.