दोन वाडग्यांचे जेवण : टोकियोतील त्सुकेमेन

टोकियो स्थानकाच्या तळमजल्याखाली असलेल्या ‘रामेन स्ट्रीट’मधील ‘रोकुरिन्शा’ या उपाहारगृहापुढे जेवणाच्या वेळी लांब रांग असते. ओसाकी भागातील त्यांचे मूळ दुकान तर या रांगेचा शेजाऱ्यांना उपद्रव होऊ लागल्याने २०१० मध्ये बंद करावे लागले होते. ही गर्दी असते ती त्सुकेमेनसाठी.

रामेनमध्ये नूडल्स रश्श्यातच वाढल्या जातात. त्सुकेमेनमध्ये मात्र त्या एका वाडग्यात आणि दाट, गरम रस्सा दुसऱ्यात. हा पदार्थ मुळात स्वयंपाकघरातील कामगारांचे पोटभरू जेवण होते : उरलेल्या नूडल्स रश्श्यात बुडवून खायच्या. काझुओ यामागिशी यांनी १९५५ मध्ये नाकानो येथील ‘ताइशोकेन’मध्ये तो गिऱ्हाइकांपुढे ठेवला, तोही ‘मोरिसोबा’ या नावाने. ‘त्सुकेमेन’ हे नाव पुढे रूढ झाले. २०१५ मध्ये यामागिशी निवर्तले, तेव्हा त्यांच्या शिष्यांची दुकाने जपानभर पसरली होती.

या नूडल्स जाड असतात आणि रामेनपेक्षा बराच अधिक वेळ शिजवाव्या लागतात. शिजल्यावर त्या थंड पाण्यात चोळून धुतात. वरचा चिकट पिठूळपणा निघून जातो आणि दाताखाली हवा तो चिवटपणा येतो. परंतु थंड, ओलसर नूडल्स रश्श्याला पातळही करतात आणि निववतातही. म्हणूनच रस्सा मुद्दाम खारट व घट्ट ठेवलेला असतो. नवखा पाहुणा आधी चमचाभर रस्सा पितो आणि तोंड वाकडे करतो, यात नवल नाही. थोड्याच नूडल्स उचलाव्यात, अर्ध्यापर्यंत बुडवाव्यात आणि खुशाल भुरका मारावा. आपल्याकडे ताकाच्या कढीला जो मान, तोच येथे या आवाजाला.

अनेक ठिकाणी प्रवेशद्वाराजवळच्या यंत्रातून आधी तिकीट घ्यावे लागते. थंड नूडल्स नको असतील तर ‘अत्सुमोरी’ म्हणावे. नूडल्स संपल्यावर ‘सूप-वारी’ मागितली की उरलेल्या रश्श्यात गरम, सौम्य सूप ओततात. हा शेवट चुकवणे म्हणजे अर्धे जेवण टाकणे. टीप देण्याची प्रथा नाही.

शाकाहारी मंडळींनी मात्र एक गोष्ट स्पष्टपणे समजून घ्यावी. वरचा मांसाचा काप काढून टाकल्याने हा पदार्थ शाकाहारी होत नाही. प्रचलित दाट रस्सा डुकराची हाडे, कोंबडी व सुकी मासळी तासन्‌तास उकळून केलेला असतो. त्यावर अनेकदा मासळीची पूडही पडते. काही नूडल्समध्ये अंडे असते. ‘मांस नको’ एवढे सांगणे म्हणूनच अपुरे ठरते, कारण वाढणाऱ्याच्या दृष्टीने रस्सा हे मांस नव्हेच. ज्यांना वर्ज्य पाळायचे आहे त्यांनी याच स्थानकातील ‘टीज तानतान’ गाठावे. तेथे त्सुकेमेनऐवजी तीळयुक्त तानतानमेन ही या दुकानाची ओळख आहे, पण सारे पदार्थ पूर्णतः वनस्पतिजन्य असतात. ते तिकीट-फाटकाच्या आत आहे, हे बाहेर पडण्यापूर्वी ध्यानात ठेवावे.