हवाई रुग्णवाहिका: तपासणार कोण?

अमेरिकेत हेलिकॉप्टरमधला व्हेंटिलेटर, औषधांचा साठा आणि नर्सची पात्रता राज्य सरकार तपासू शकतं. पण त्याच सेवेचे दर किंवा मार्ग ठरवायला गेलं, की १९७८ चा विमानसेवा नियंत्रणमुक्ती कायदा आडवा येतो. वैमानिक, यंत्र, उड्डाणासाठी हवामानाचे निकष हा सगळा ‘एफएए’ या केंद्रीय यंत्रणेचा प्रांत. नॉर्थ कॅरोलायनाने नव्या सेवेसाठी ‘गरजेचा दाखला’ सक्तीचा केला होता; २००८ साली फेडरल न्यायालयाने तो या कायद्याविरुद्ध ठरवला.

मग काही राज्यांनी पळवाट म्हणा की मधला मार्ग, १९९० साली स्थापन झालेल्या ‘कॅम्ट्स’ या ना-नफा संस्थेच्या मानांकनाची अट परवान्याला जोडली. जिथे अशी अट नाही, तिथे मानांकन ऐच्छिकच. सोय खरी, पण पारख खासगी संस्थेकडे सोपवली, तर तिच्यावर लक्ष कोणी ठेवायचं?

दर ठरवणं राज्यांच्या हाती नसल्याने बिलांचा पेच मात्र शेवटी संसदेलाच कायदा करून सोडवावा लागला. त्या कायद्यानुसार १ जानेवारी २०२२ पासून विमाधारक रुग्णाकडून नेटवर्कबाहेरच्या हवाई रुग्णवाहिकेला बिलातली उरलेली रक्कम वसूल करता येत नाही. रस्त्यावरच्या रुग्णवाहिका या कायद्याबाहेर ठेवल्या आहेत.