जळून राखणारें कवच

चुलीशीं बसणाऱ्या बाईस एक गोष्ट कोणी न शिकवतां ठाऊक असते. जळतें लांकूड दुसऱ्या टोंकाकडून खुशाल उचलावें. पण जाळांत राहिलेल्या लोखंडी सळईस चिमट्यावांचून हात लावूं नये. लांकूड स्वतः जळत असतें, तरी धरणाऱ्याचा हात भाजत नाहीं. सळई मुळींच जळत नाहीं, आणि हात मात्र पोळतो. अंतराळांतून परत येणाऱ्या माणसांचा जीव ज्या युक्तीवर विसंबून असतो, ती या अनुभवाहून फारशी दूर नाहीं.

पृथ्वीभोंवतीं जवळून फिरणाऱ्या यानाचा वेग सेकंदास सुमारें ७.८ किलोमीटर असतो. चंद्राकडून परतणाऱ्याचा ११. पहिल्या वेगानें धांवणाऱ्या अवघ्या एक किलोग्रॅम वजनांत इतकी शक्ति असते कीं, ती सगळी उष्णतेच्या रूपानें मिळाली तर दहा किलोंहून अधिक पाण्याची पार वाफ होऊन जावी. उतरावयाचें म्हणजे ही शक्ति कोठेंतरी टाकली पाहिजे, आणि टाकावयास हवेवांचून दुसरी जागा नाहीं.

हवेच्या घर्षणानें यान तापतें, अशी सामान्य समजूत आहे. घर्षणाचा वांटा असतो खरा, पण मुख्य कारण निराळें. यानापुढच्या हवेस बाजूला सरकण्यास अवधिच मिळत नाहीं. ती दाबली जाते, आणि दाबलेली हवा तापते. सायकलच्या पंपाचें तोंड बोटानें बंद करून दांडा रेटला म्हणजे नळी गरम लागते, त्यांतलाच हा प्रकार. येथें मात्र हवा हजारों अंश तापून स्वतःच प्रकाशूं लागते. असल्या वेगास भाल्यासारखें अणकुचीदार टोंक हवें, असें कोणासही वाटेल. अमेरिकेतील शास्त्रज्ञ एच्. ज्यूलियन ॲलन यांनीं १९५१ सालीं याच्या नेमकें उलट प्रतिपादन केलें. तोंड बोथट असलें म्हणजे दाबाची लाट यानापासून अंमळ दूर उभी राहते, आणि बहुतेक उष्णता बाजूनें वाहणाऱ्या हवेबरोबर निघून जाते. परंतु जो अल्प अंश यानापर्यंत पोंचतो, तोही त्याचा नाश करण्यास पुरेसा असतो. कवचाचें काम येथून पुढें सुरू होतें.

हें कवच कशाचें असावें? कधींही न वितळणाऱ्या धातूचें, हें उत्तर सुचण्यासारखें आहे. पण धातु जड, आणि सळईप्रमाणें उष्णता आंत पोंचविणारा. म्हणून योजतात ती राळ व तंतु यांच्या मिश्रणाची जाड साल, जी मुद्दाम जळूं द्यावयाची असते. तापूं लागतांच राळेचें विघटन होऊन तिचे वायु बनतात, आणि त्या कामीं पुष्कळ उष्णता खर्ची पडते. मागें उरतो सच्छिद्र कोळसा. आंतून निघालेले वायु या कोळशाच्या छिद्रांतून पाझरत त्याला निववितात, आणि बाहेर पडल्यावर तापलेल्या हवेस थोडें दूर लोटतात. माठांतलें पाणी गार राहतें तें त्यांतलें थोडें पाझरून उडून जातें म्हणूनच. तसेंच कांहींसें हें. शिवाय तो कोळसा लालबुंद, पुढें पांढराशुभ्र होऊन पुष्कळ उष्णता प्रकाशाच्या रूपानें परत बाहेर फेंकतो, आणि हळूहळू स्वतःही झिजत जातो. अशा पदार्थास क्षरणशील म्हणावें. घन इंधनाच्या अग्निबाणांत ज्वाळा ज्या तोंडांतून बाहेर पडते, त्याचें अस्तरही याच जातीचें असतें.

अपोलो यानांच्या कवचांत पोळ्यासारखी जाळी होती. तिचीं साडेतीन लाखांहून अधिक घरें कामगारांनीं एकेक करून हातानें भरलीं. काम मोठें कंटाळवाणें खरें, पण तीन माणसांचा जीव त्या भरण्यावर अवलंबून होता. ९ नोव्हेंबर १९६७ रोजीं निर्मनुष्य अपोलो ४ यान चंद्राकडून परतण्याच्या वेगानें उतरवून त्याची परीक्षा घेण्यांत आली.

सर्वांत कठोर परीक्षा मात्र गुरु ग्रहावर झाली. ७ डिसेंबर १९९५ रोजीं गॅलिलिओ मोहिमेंतील शोधक यंत्र सेकंदास ४७ किलोमीटर वेगानें गुरूच्या वातावरणांत शिरलें. त्याचें वजन ३३९ किलो. पैकीं १५२ किलो नुसतें कवच! त्यांतलें सुमारें ८० किलो पाहतां पाहतां नाहींसें झालें. कवचांत पुरलेल्या मापकांवरून असें दिसलें कीं, मध्यभाग अपेक्षेहून कमी झिजला, तर कडांकडील भाग अपेक्षेहून बराच अधिक. तरीही यंत्र वांचलें, आणि पुढें जवळजवळ तासभर माहिती पाठवीत राहिलें.

कवच झिजतें याचें भय नाहीं. भय आहे तें भलत्या रीतीनें झिजण्याचें. आर्टेमिस १ मोहिमेंतील ओरायन यान ११ डिसेंबर २०२२ रोजीं चंद्राकडून परतलें, तेव्हां त्याच्या कवचावरील कोळसा शंभराहून अधिक ठिकाणीं ढलप्या पडून निघालेला आढळला. यान रिकामें होतें. आंत माणसें असतीं तरी त्यांना अपाय झाला नसता, असें तापमानाच्या नोंदींवरून दिसलें. पण कारण सांपडेपर्यंत स्वस्थता कशी लाभणार? १९६० नंतरच्या दशकांत वापरलेला पदार्थच येथें थोड्या फरकानें योजला होता; मात्र जाळीचीं घरें न भरतां त्याचे मोठे ठोकळे बसविले होते. तें यान वातावरणांत एकदां बुडी मारून वर आलें व पुन्हां खालीं उतरलें. या मधल्या काळांत बाहेरचा ताप उतरला, पण आंत शिरलेली उष्णता राळेचे वायु करीतच राहिली. वरचा थर त्यांना वाट देण्याइतका सच्छिद्र नव्हता. वायु कोंडले, दाब वाढला आणि थर तडकला. जमिनीवरील चाचण्यांत कवचास याहून कडक आंच दिली होती. तींत छिद्रें नीट पडून वायु सुखरूप निघून गेले, म्हणून हा दोष तेथें दिसलाच नाहीं. आंच सौम्य, म्हणून धोका अधिक, हें कोणाच्या ध्यानीं यावें? नासानें डिसेंबर २०२४ मध्यें हें कारण जाहीर केलें, आणि त्याच वेळीं असेंही ठरविलें कीं, माणसें नेणाऱ्या पुढच्या यानास तेंच कवच ठेवावें, मात्र उतरण्याचा मार्ग बदलावा.