किती टोपल्या उचलल्या? : मंडळीतल्या किशोरांचा बायबल क्विझ संघ

बायबल क्विझ ही ठरलेल्या शास्त्रभागावरची सांघिक प्रश्नमंजुषा. भाग काही महिने आधी जाहीर होतो, मुले तो वाचतात, त्यातली वचने पाठ करतात आणि स्पर्धेच्या दिवशी चार-पाच जणांचे संघ समोरासमोर बसतात. मराठी मंडळ्यांना पाठांतर नवे नाही. शब्बाथशाळेत सुवर्णवचन म्हणून दाखवण्याची रीत जुनीच आहे. मात्र लहान मुलांना शब्बाथशाळा आणि मोठ्यांना तरुण संघ असला, तरी मधल्या वयाला स्वतःचे असे फारसे काही नसते. आठवी-नववीपासून क्लासच्या वेळा आडव्या येतात आणि मुले उपासनेतून हळूहळू गळू लागतात. क्विझ संघ उभारायचा तो या तेरा ते अठरा वयाच्या मुलामुलींसाठी.

हा प्रकार विसाव्या शतकाच्या मध्यास अमेरिकेत यूथ फॉर ख्राइस्ट या तरुणांच्या चळवळीतून वाढला. तिथे खुर्चीच्या बैठकीत विजेची कळ बसवलेली असे. उत्तर येणारा स्पर्धक उठला की दिवा लागे. इस्राएलमध्ये 1958 साली हिब्रू शास्त्राची जागतिक स्पर्धा झाली आणि युवकांची स्पर्धा आता दरवर्षी त्या देशाच्या स्वातंत्र्यदिनी होते. भारतातले सर्वांत ठळक उदाहरण केरळचे आहे. तिथल्या कॅथलिक बायबल सोसायटीची लोगोस क्विझ 2000 सालापासून चालते आणि तिला लाखो स्पर्धक बसतात. दर वर्षी ठरावीक अध्याय नेमायचे आणि पहिली फेरी ज्याच्या त्याच्या चर्चमध्येच घ्यायची, ही तिची पद्धत छोट्या मंडळीलाही जशीच्या तशी उचलता येते.

नव्या संघाने पहिल्या वर्षी एकच पुस्तक घ्यावे, आणि ते मार्कचे शुभवर्तमान असावे. चार शुभवर्तमानांत ते सर्वांत लहान आहे, त्यात घटना भराभर घडतात आणि त्याचे 16 अध्याय शाळेच्या वेळापत्रकात नेमके बसतात. जूनच्या मध्याला शाळा उघडल्यावर आठवड्याला एक अध्याय घेतला, तर ऑक्टोबरच्या सुरुवातीला पुस्तक संपते. सहामाही परीक्षा आटोपून उजळणी होते आणि दिवाळीच्या सुट्टीत स्पर्धा घेता येते. डिसेंबर नाताळच्या गाण्यांच्या तालमीत जातो आणि फेब्रुवारी-मार्चमध्ये दहावी-बारावीची मुले हाती लागत नाहीत. स्पर्धा दिवाळीपलीकडे ढकलली की संघ विस्कटतो.

पुस्तकाइतकेच भाषांतरही ठरवून घ्यावे लागते, आणि याकडे सर्वांत जास्त दुर्लक्ष होते. मराठी नवा करार 1811 साली सेरामपूरला छापला गेला, तेव्हापासून मराठीत भाषांतरे होतच आली आहेत. पुणे जिल्ह्यातल्या केडगावी पंडिता रमाबाईंनी हिब्रू आणि ग्रीक शिकून संपूर्ण बायबल सोप्या मराठीत आणले. 1922 साली त्यांचे निधन झाले आणि ते भाषांतर 1924 साली प्रसिद्ध झाले. आज घरातल्या कपाटात बायबल सोसायटीची एक आवृत्ती असते, मोबाइलच्या अॅपवर दुसरी. पाठ केलेले वचन आणि प्रश्नकर्त्याच्या हातातले वचन दोन शब्दांनी वेगळे निघाले, की अचूक पाठांतर करणाऱ्याच मुलीचे गुण जातात. म्हणून पहिल्याच दिवशी प्रत प्रत्यक्ष दाखवून सांगावे : हीच आवृत्ती, दुसरी नाही.

कॅथलिक आणि प्रॉटेस्टंट मुले एकत्र येणार असतील तर आणखी जपावे लागते. प्रॉटेस्टंट बायबलमध्ये 66 पुस्तके आहेत, कॅथलिक बायबलमध्ये 73. दानीएलच्या पुस्तकाचे अध्याय किती, या साध्या प्रश्नाला एकाकडे 12 आणि दुसऱ्याकडे 14 असे उत्तर मिळते, आणि दोन्ही बरोबर असतात. चौथी आज्ञा कोणती, असे विचारले तर बहुतेक प्रॉटेस्टंट मुले शब्बाथाची सांगतील आणि कॅथलिक मुले आईबापांचा मान राखण्याची. मार्क निवडला की हा पेच येत नाही, कारण नव्या कराराची 27 पुस्तके दोघांची सारखीच आहेत.

पिंपरी-चिंचवड आणि चाकणच्या पट्ट्यात असे एकत्र येण्याचे प्रसंग बरेच येतात. 1954 साली पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्सची स्थापना झाली, साठच्या दशकात एमआयडीसी आली, पुढे वाहनउद्योग चाकणपर्यंत पसरला. त्या कामांमागे नगर जिल्ह्यातून, मराठवाड्यातून, केरळ-तमिळनाडूतून कुटुंबे आली आणि प्रत्येकाने आपापली उपासनेची भाषा सोबत आणली. मराठी मंडळीतली मुलेसुद्धा आता बऱ्याचदा इंग्रजी माध्यमात शिकतात. मराठी बोलतात फर्डे, पण देवनागरी वाचताना अडखळतात. अशांना वेगळे बसवू नये. अध्याय मोठ्याने वाचून घेतला आणि मराठी-इंग्रजी द्विभाषिक प्रत हाती दिली, की काही आठवड्यांत वाचन सुधारते. हा लाभ गुणांच्या तक्त्यात दिसत नाही, पण तो मोठा आहे.

सरावाची वेळ मात्र इथल्या कारखान्यांकडे बघूनच ठरवावी लागते. या पट्ट्यातल्या अनेक कारखान्यांची आणि वर्कशॉपची साप्ताहिक सुट्टी गुरुवारी असते. रविवारी मुले मोकळी असतात, पण वडील कामावर असू शकतात. त्यात रात्रपाळी असेल तर दुपारी घरात झोप चाललेली असते. रविवारी उपासनेनंतर तासभर सराव आणि गुरुवारी संध्याकाळी एखाद्याच्या घरी उजळणी, ही विभागणी जमते, कारण गुरुवारी ने-आण करायला आईवडिलांपैकी कोणीतरी घरी असते. चाकणहून पिंपरीला येणाऱ्या मुलांना नाशिक महामार्गावरची गर्दी सोसावी लागते; त्यांचा छोटा गट तिकडेच बसवून महिन्यातून एकदा सर्वांना एकत्र आणणे बरे. पाळकांची आणि मंडळीच्या कमिटीची संमती, पालकांची लेखी परवानगी आणि प्रत्येक सरावाला किमान दोन प्रौढ हजर, या बाबतीत सवलत नको.

सरावाचा जीव प्रश्नांत असतो. मार्कच्या सहाव्या अध्यायात पाच भाकरी आणि दोन मासे पाच हजार पुरुषांना पुरतात आणि बारा टोपल्या तुकडे उरतात. आठव्या अध्यायात सात भाकरी, सुमारे चार हजार माणसे आणि सात टोपल्या. ‘किती टोपल्या’ एवढे ऐकून बझर दाबणारा मुलगा इथे हमखास फसतो. पाचव्या अध्यायात याईराची मुलगी बारा वर्षांची आहे आणि वाटेत बरी झालेली स्त्री बारा वर्षे आजारी आहे. दोन्ही गोष्टी जोडून विचारल्या की मुले नुसते आकडे न घोकता अध्याय सलग वाचू लागतात. आठव्या अध्यायातच, तारवात बसल्यावर, येशू शिष्यांना टोपल्यांचा हाच प्रश्न विचारतो. शिष्य दोन्ही आकडे बिनचूक सांगतात, तरी तो त्यांना विचारतो की अजून तुम्हाला समजत नाही का. प्रश्न काढणाऱ्याने हा उतारा सतत जवळ ठेवावा. प्रत्येक दहा प्रश्नांत दोन-तीन ‘का’ आणि ‘कोणाला उद्देशून’ असे असले, तर उत्तरानंतर पाच मिनिटांची चर्चा आपोआप होते.

बझरसाठी बाहेर खर्च करायची या भागात गरज नाही. मंडळीत वायरमन किंवा आयटीआय झालेला कोणीतरी असतोच. बेल पुश, छोटे दिवे, बॅटरी आणि रिले एवढ्यावर मंडल जुळते; पहिली कळ दाबली की बाकीच्या बंद पडल्या पाहिजेत, नाहीतर आधी कोण यावरून दर फेरीला वाद होतो. वायरिंग मुलांनाच करायला द्यावे. पाठांतरात मागे असलेला एखादा मुलगा याच कामातून संघात रुळतो.

गुणपद्धत साधी असावी : बरोबर उत्तराला वीस, प्रश्न अडवून चुकल्यास वजा दहा. तोंडी फेरीबरोबर एक लेखी फेरी ठेवावी, म्हणजे बुजऱ्या मुलांचेही गुण संघाला मिळतात. राखीव खेळाडूला प्रत्येक सामन्यात एक तरी फेरी द्यावी. पहिल्या वर्षी एकाच मंडळीचे दोन संघ करून सामना पुरतो. शेजारच्या मंडळीला बोलावणे दुसऱ्या वर्षी.

तोवर मोठी मुले डिप्लोमा किंवा आयटीआयला गेलेली असतात आणि प्रश्न काढायचे काम त्यांच्याकडे देता येते. पुढचे पुस्तक निवडताना अध्याय मोजावेत. लूकचे 24 अध्याय जून ते दिवाळी या मुदतीत मावत नाहीत. प्रेषितांच्या कृत्यांचे 28 आहेत, पण ते पुस्तक मध्येच सहज विभागता येते : पहिल्या बारा अध्यायांत पेत्र पुढे असतो आणि तेराव्यापासून पौलाच्या सफरी सुरू होतात. तिथून शेवटपर्यंत पुन्हा सोळाच अध्याय भरतात.