पॅनेलमागची माती

सकाळी ७.०० : उड्डाणपुलाच्या पोचमार्गावर मुरमाचा पहिला डंपर रिकामा झाला. मूठभर मुरूम ओला करून तळव्यावर चोळला. हात झटकला तरी पिवळसर चिखल चिकटूनच राहिला. बारीक माती जास्त दिसतेय. नमुना लगेच लॅबला पाठवला. ७५ मायक्रॉनच्या चाळणीतून १५ टक्क्यांहून जास्त माती गेली, तर हा मुरूम आरई वॉलला, म्हणजे थराथरात जाळी घालून भरलेल्या मातीच्या भिंतीला, चालणार नाही.

९.०० : कालच्या थरावर जिओग्रिडची जाळी अंथरली. जाळीला सुरकुती राहिली, तर भिंतीचं दर्शनी काँक्रीट पॅनेल आधी पुढे सरकतं आणि मगच जाळी ताण घेते. म्हणून मुकादमकाका ती ओढून धरतात, खुंट्या मारतात, मगच वर २० सेंटिमीटरचा थर पडतो. पॅनेलपासून दीड मीटरच्या आत मोठा रोलर येऊ द्यायचा नाही. तिथे प्लेट कॉम्पॅक्टरच.

११.३० : ऑफिसात पुढच्या टप्प्याचं डिझाइन. उंची ८ मीटर, तेव्हा जाळीची लांबी किमान ०.७ पट, म्हणजे ५.६ मीटर. मग एकेक तपासणी : भराव घसरेल का, कलंडेल का, खालची जमीन पेलेल का; जाळी तुटेल का, मातीतून उपसून येईल का. भिंत १०० वर्षं टिकायची, म्हणून जाळीची कारखान्यातली ताकद जशीच्या तशी धरत नाही. ताणाखाली ती हळूहळू लांबते, भराव दाबताना खरचटते. तेवढी ताकद मी आधीच कमी करते.

२.०० : घर्षणकोन ३० अंश आणि घनमीटरला २ टन वजन धरलं, तर मागची कोरडी माती भिंतीच्या दर मीटर लांबीला सुमारे २१ टनांनी रेटते. तेवढ्याच उंचीचं पाणी तुंबलं, तर एकट्या पाण्याचा रेटा ३२ टन. निचऱ्याचं ड्रॉइंग मी दोनदा तपासते ते यासाठी.

४.१५ : साइटवरून फोन.

“मॅडम, खडी उद्या येणार. आजचा थर पॅनेलपर्यंत मुरमानेच भरू का? माणसं बसून आहेत.”

“बसू द्या, काका. पॅनेलमागची ती ६० सेंटिमीटर खडी म्हणजे पाण्याची वाट. मधे एक थर मुरमाचा पडला, की वरचं पाणी तिथेच अडणार.”

६.०० : लॅबचा आकडा आला : १९ टक्के. अशी माती पाणी धरून ठेवते आणि ओली झाली की जाळीवरची पकड सोडते. सगळा मुरूम परत पाठवायला सांगितला. कामाचा एक दिवस गेला, तो मी मनापासून दिला. उद्याच्या यादीत पहिली ओळ लिहिली : खडी आल्याशिवाय थर नाही.